वावडीवरचा कॅमेरा

फोटो कशाने चांगला येतो असं कुणी विचारलं, की मी सांगते, पायांनी. विचारणारा हसतो. त्याला भिंगाचं विलायती नाव ऐकायचं असतं, म्हणजे चारचौघांत सांगता येतं. पण लोणावळ्याच्या बाजारात आमच्या ह्यांनी आणि मी मिळून फोटोचं दुकान चालवलं, त्या सगळ्या वर्षांत मी शिकले ते एवढंच. कॅमेरा कितीही उंची असो, तो ज्याच्यावर उभा आहे ते हललं की केलेली मेहनत मातीत जाते.

हल्ली हातात धरून खटका दाबायचे डबा कॅमेरे निघाले आहेत, त्यामुळे आमची कसरत पुष्कळांना ठाऊक नसेल. आमचा कॅमेरा लाकडी, मधे घड्यांचा कापडी भाता असलेला. आत फिल्म नाही, काचेची प्लेट. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर चित्र बघायचं, तेही उलटं, आभाळ खाली आणि जमीन वर. मग प्लेट सरकवायची, भिंगाचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि टोपण परत लावायचं. पुढ्यातल्या गवतापासून लांबच्या कड्यापर्यंत सगळं रेखीव हवं असेल तर भिंगाचं भोक बारीक करावं लागतं, आणि भोक बारीक केलं की टोपण जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलता कामा नये. खोलीत बसलेल्या नवरा-नवरीचा फोटो काढताना हे जमतं. डोंगरावर वारा असतो.

कॅमेऱ्याखालच्या स्टँडला आम्ही तिपाई म्हणायचो. सामान उचलणारे गडी तिला घोडी म्हणायचे. एकदा मुंबईचा एक हौशी तरुण वाघदरीचा फोटो काढायला आला होता. त्याची घोडी नळीत नळी सरकणारी, चकचकीत, मिटली की छत्रीएवढी. दुकानात प्लेटा घ्यायला आला तेव्हा मी तिची मुंडी धरून जराशी पिळून बघितली. ती दुकानदाराला बघून मान फिरवणाऱ्या उधारीवाल्यासारखी सहज फिरली.

मी म्हटलं, "ही दरीच्या काठावर उभी करू नका."

"बाई, ही जर्मन आहे," तो म्हणाला.

वाऱ्याला ते कुठलं कळायला? संध्याकाळी तो कॅमेरा पोटाशी धरून परत आला. कॅमेरा त्याने झडप घालून वाचवला होता, जर्मन मात्र दरीत उतरली होती. "तुमच्याकडची तिपाई भाड्याने मिळेल का?" असं त्याने मान खाली घालून विचारलं. मी ती दिली आणि वर शिकवणीही दिली. दुकानात उभं राहून तिपाई घेऊ नये. खांद्यावर टाकून एक चढ चढून बघावी. पाय पूर्ण उघडून मुंडीवर दोन्ही हातांनी भार द्यावा. वाकली तर ठेवून द्यावी. ओल्या हातांनी स्क्रू फिरवून बघावेत, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पितळ गंजून बसतं आणि नेमका उजेड आला की पाय बाहेर येत नाही. एक पाय नेहमी भिंगाच्या खाली, दरीकडे. बाकीचे दोन आपल्या बाजूला, म्हणजे त्यांच्या मधे उभं राहता येतं आणि अंधारात शिरल्यासारखं कापडाखाली शिरताना आपणच घोडीला लाथ मारत नाही. तो पुढे दर वर्षी यायचा आणि फोटोपेक्षा तिपायांवरच जास्त बोलायचा.

मी ह्या धंद्यात आले ती ह्यांच्या सोयीसाठी. माझं माहेर कामशेतजवळचं वडिवळे. घरची भातशेती, फोटो म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. हे पुण्यात एका फोटोग्राफरकडे काम शिकलेले. दुकानात बाई असली की बऱ्या घरच्या बायका फोटोला मोकळेपणी बसतात, म्हणून ह्यांनी मला पदर नीट करायला आणि लेकरांना हसवायला उभं केलं. हळूहळू मी प्लेटा धुवायला लागले, मग कापडाखाली शिरले, आणि एकदा शिरल्यावर बाहेर कोण येतंय?

दुकान चालायचं ते हवा खायला आलेल्यांच्या फोटोंवर. ह्यांचा जीव मात्र डोंगरात. त्यातही एकाच ठिकाणी अडकलेला. लोहगडाची एक लांब सोंड गडापासून निघून दरीवर लोंबते, तिला विंचूकाटा म्हणतात. ती सोंड मुळापासून टोकापर्यंत, खालची भातखाचरं आणि मागच्या डोंगरांच्या रांगा, सगळं एका प्लेटवर, सगळं रेखीव, असा फोटो ह्यांना काढायचा होता. त्याला गिऱ्हाईक नव्हतं, कुणी मागितलाही नव्हता. पण माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की बसली.

पहिल्या खेपेला हे पुण्याहून आणलेली पितळी मुंडीची उंच तिपाई घेऊन गेले. फोटो धुतला तर विंचूकाट्याला दोन कडा आणि प्रत्येक झाडाला जुळं भावंड. वाऱ्याने हललं होतं. दुसऱ्या खेपेला हट्टाने लोखंडी तिपाई घडवून घेतली. ती वाऱ्याला दाद देत नव्हती आणि माणसालाही. गडी तिला घेऊन वर पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला, सावल्या गेल्या आणि डोंगर थापलेल्या भाकरीसारखा सपाट आला. ती तिपाई पुढे आमच्या परसात धुणं वाळत घालायला लागली आणि त्या कामाला फार चांगली ठरली. नंतर ह्यांनी हलकी, घडीची तिपाई घेतली. तिच्याविषयी न बोललेलं बरं.

हे सगळं हसण्यावारी जायचं. मग एका वर्षी पावसाळ्यानंतर हे दुकानाच्या पायरीला अडखळले. दुसऱ्या दिवशी बाजूने येणाऱ्या टांग्यापुढे गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. नजर कडेकडेने मिटत येणार होती. मधे चावीच्या भोकाएवढं दिसत होतं, तेही किती दिवस राहील ते सांगता येत नव्हतं. जे बघायचं ते ह्या हिवाळ्यात बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

पुण्याहून गाडीने परत निघालो. मळवली आली. खिडकीतून लोहगड दिसतो. हे त्याच्याकडे तोंड करून बसले, आणि गड त्या भोकात मावत नव्हता हे मला दिसत होतं. मान डावीकडून उजवीकडे फिरवत ते तो तुकड्यातुकड्याने बघत होते. घरी आल्यावर मी म्हटलं, "विंचूकाटा मी काढते. तुम्ही बघायचा."

"तिपाई?" ह्यांनी विचारलं. धंद्यातला माणूस डोळे जात असतानाही पहिल्यांदा तेच विचारतो.

त्याचं उत्तर मला माहेरी सापडलं. भाताची झोडणी चालू होती म्हणून मी वडिवळ्याला गेले होते. खळ्यावर माझी भावजय वावडीवर उभी राहून भात उपणत होती. वावडी म्हणजे उपणणाऱ्याने उभं राहायची तीन पायांची तिवई. कमरेएवढी उंच, पाय चांगले फाकलेले, मधे आडव्या काठ्या. मीही लहानपणी तिच्यावर चढून सूप हलवलं आहे. त्या दिवशी मी तिच्याकडे पहिल्यांदाच फोटोवाल्याच्या नजरेने बघितलं. ही तिवई वापरायचीच मुळी भर वाऱ्यात. अख्खी बाई तिच्यावर उभी राहते, दोन्ही हातांनी पाखडते, आणि ती हलत नाही. आणि आम्ही इतकी वर्षं पुण्या-मुंबईची दुकानं पालथी घालत होतो.

माझा धाकटा भाऊ शंकर भात मोजत होता. त्याला म्हटलं, "मला अशीच एक वावडी करून हवी, पण मिटणारी."

"वावडी मिटून काय करनार, आक्का? उपननार कुटं, बाजारात?"

"तिच्यावर कॅमेरा ठेवायचाय. लोहगडावर."

शंकरने जरा विचार केला. "मंग लाकडाची नगं. कळकाची करू. कळक हलका आन ताठ. पर वाऱ्यानं उडंल की ती."

"वर दगड आहेत ना?"

"दगडाला काय तोटा हाय गडावर?"

असं आमचं ठरलं. वजन खालून वर न्यायचंच नाही. गावच्या सुताराने सागवानाची जाड मुंडी केली, तिला कळकाचे, म्हणजे भरीव बांबूचे, तीन पाय खिळीवर बसवले, म्हणजे ते छत्रीसारखे मिटत. लोहाराने पायांना लोखंडी टोकं ठोकली. मातीत ती रुततात, पण गडावर कातळ आहे आणि कातळावर टोक घसरतं, म्हणून तिन्ही पाय सुंभाच्या दोरीने एकमेकांना बांधले. पाय ठरल्यापेक्षा जास्त फाकूच शकत नव्हते. मधे गोणपाटाची झोळी टांगली, ती तिथे पोचल्यावर दगडांनी भरायची. कॅमेरा मुंडीवर जिथे बसतो तिथे मी चपलेच्या जुन्या चामड्याचा पातळ तुकडा घातला, म्हणजे स्क्रू आवळला की कॅमेरा फिरत नाही. रबर घालून बघितलं होतं, पण ते मऊ असल्यामुळे कॅमेरा डुलायचा.

ह्यांनी वावडी हाताने चाचपून बघितली. मुंडी धरून पिळली. ती फिरली नाही. मग उंचीला हात लागला आणि तोंड वाकडं झालं.

"ही तर कमरेएवढी आहे. फोटोग्राफरने गुडघे टेकायचे? हे फोटो काढणं झालं की धुणं धुणं?"

"धुणं मीच धुते," मी म्हटलं. "मला सवय आहे."

आमच्या सगळ्या जुन्या फोटोंची गोम हीच होती. हे उभ्याने फोटो काढायचे, म्हणून तिपाई पुरुषभर उंच, आणि जितकी उंच तितकी वाऱ्याच्या हातात. कमरेएवढ्या तिपाईवरही दरी दिसतेच. दरी काय आपल्या मानासाठी वर येत नाही. तसं मी म्हणाले, तर हे बराच वेळ हसले. डॉक्टरांकडून आल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. मी, हे आणि शंकर. आदल्या दिवशी मळवलीला उतरून लोहगडवाडीत मुक्काम केला. तिथले एक आबा आमच्या सामानाकडे आणि मग माझ्या काष्ट्याच्या लुगड्याकडे बघत राहिले.

"फोटू कोन काडनार? हे मालक?"

"न्हाई आबा, आमची आक्का," शंकर म्हणाला.

"बाया गडावर लाकडाला जात्यात," आबा म्हणाले, "फोटूला कुनी गेलेली बगितली न्हाई."

"उद्या बघा," मी म्हटलं.

सकाळी उजाडताच चढलो. ह्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात काठी. पायऱ्या त्यांना दिसत नव्हत्या, पण इतक्या खेपा केल्या होत्या की पायांना ठाऊक होत्या. "आता दरवाजा येईल," असं म्हणायचे आणि दरवाजा यायचा. शंकर पुढे, पाठीवर कॅमेऱ्याची पेटी आणि बगलेत वावडी. तो मधेच थांबला नाही की त्याने धापा टाकल्या नाहीत. लोखंडी तिपाई वाहणाऱ्या गड्याचे तळतळाट मला आठवत होते.

विंचूकाट्यासमोरच्या कातळावर पोचलो आणि वाऱ्याने अक्षरशः ढकललं. पण उजेड काय होता. सोंडेचा एकेक थर सुटा दिसत होता, खाली कापलेली खाचरं, मागे निळ्या रांगा. वावडी उघडली, दोरी ताणली, झोळीत शंकरने दगड भरले. ह्यांनी खाली बसून तिच्या पायाला तळहात लावला.

"पाय ठाम आहेत," ते म्हणाले. "पण वरचा भाता शीड झालाय. झोत आला की तो थरथरतो."

म्हणजे निम्मी लढाई राहिली होती. तिपाई ठाम असली तरी भाता कापडाचा, त्याला वारा लागणारच. आणि फोटोला लागणारा वेळ मोठा. हे म्हणाले, "भोक मोठं कर, पटकन उरकेल."

मी नको म्हटलं. भोक मोठं केलं तर विंचूकाटा रेखीव आला असता आणि मागच्या रांगा विरघळल्या असत्या. ह्यांना सगळं हवं होतं, आणि ह्यांच्यापाशी आता पुढच्या वर्षीवर टाकायला पुढचं वर्ष नव्हतं.

तेव्हा खळंच कामाला आलं. उपणणाऱ्या बाईला वाऱ्याची चाल कळते. वारा सलग वाहत नाही. झोत येतो, पडतो, दम घेतो, पुन्हा येतो. लहानपणी वावडीवर उभी असताना वारा पडला की मी चिडायचे, हात भरून यायचे आणि सूप खाली करून वाट बघावी लागायची. त्या चिडीतूनच मला त्याची चाल पाठ झाली होती. पडायच्या आधी तो एक शेवटचा आखूड धक्का देतो आणि मग कानात एकदम पोकळी होते. आज मला उलटं करायचं होतं. वारा पडेल तेवढ्या पोकळीतच भिंग उघडायचं, झोत आला की झाकायचं, पुन्हा पडला की पुन्हा. एकाच प्लेटवर तुकड्यातुकड्याने उजेड साठवायचा. कॅमेरा तसूभर सरकला तर जुळी झाडं. नाही सरकला तर फोटो.

टोपण परत परत काढलं-लावलं तर कॅमेऱ्याला धक्का बसतो. म्हणून टोपण एकदाच काढलं आणि भिंगापुढे, त्याला न लावता, ह्यांची काळी टोपी धरली. आखूड धक्का आला. कानात पोकळी झाली. मी टोपी बाजूला केली.

ह्यांनी हलक्या आवाजात मोजायला सुरुवात केली. दुकानातही मोजायचं काम ह्यांचंच, घड्याळापेक्षा नेमकं. झोत आला, मी टोपीने भिंग झाकलं, हे आकड्यावर थांबले. वारा पडला, मी टोपी काढली, हे तिथूनच पुढे निघाले. मी गुडघ्यांवर, डोळे दरीकडे नाही, कान वाऱ्याकडे. शंकर श्वासही जपून घेत होता. असं किती वेळा झालं ते मला आठवत नाही. शेवटी हे म्हणाले, "पुरे," आणि मी टोपण लावलं.

आणखी एक प्लेट काढू या म्हटलं, तर ह्यांनी मान हलवली. "नको. आली आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या आवाजात एकदाही घाई नव्हती," हे म्हणाले. टोपी हातात असताना मी तर एक शब्द बोलले नव्हते. ते मी आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही.

प्लेट मी धुवायला घेतली तेव्हा ह्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. डार्करूमच्या अंधारात आम्ही दोघं सारखेच आंधळे, उलट ह्यांचा हात माझ्यापेक्षा हुशार. तबक हलवत, मोजत, ह्यांनी ती प्लेट आपल्या हातांनी उतरवली. वाळल्यावर मी ती उन्हाकडे धरली. कड एकच होती. प्रत्येक झाड एकटं होतं. सगळ्यात मागची रांग नखाने कोरल्यासारखी स्वच्छ. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवायचं तरी कुणापासून?

छापलेला फोटो अंगणात उन्हात टेबलावर ठेवला. ह्यांनी भिंग घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली वाकले. सबंध फोटो त्यांना एकदम दिसणारच नव्हता. विंचूकाट्याच्या मुळापासून सुरुवात करून ते भिंग हळूहळू पुढे नेऊ लागले, एकेक खडक, एकेक झुडूप. प्रत्येक ठिकाणी नुसता हुंकार द्यायचे. टोकापर्यंत गेले, मागच्या रांगा बघितल्या, मग खालच्या खाचरांकडे वळले. तिथे भिंग थांबलं.

"इथे कुणीतरी हवेत उभं आहे," हे म्हणाले.

मी भिंग घेऊन वाकले. कड्याच्या पायथ्याला एक खळं होतं, वरून आम्हाला ते जाणवलंही नव्हतं. खळ्यात मोहरीएवढी एक बाई. खाली तीन बारीक रेघा.

"वावडीवर आहे ती," मी म्हटलं. "सूप खाली केलंय. वारा यायची वाट बघते आहे."

खालचा वारा आणि वरचा वारा एकच असतो असं नाही, पण त्या सकाळी होता. तो वाहत होता तेव्हा ती उपणत होती आणि माझं भिंग झाकलेलं होतं. तो पडला की ती स्तब्ध उभी राहायची, आणि तेवढ्यातच मी टोपी बाजूला करायचे.

"ती वारा यायची वाट बघत होती," हे म्हणाले, "आणि आपण पडायची."

फोटो दुकानात दर्शनी लावला. लोक थांबून बघायचे, लांबून आलेले फोटोवाले तिपाई कुठली म्हणून विचारायचे, आणि मी वावडी काढून दाखवायचे. माझं बघून तिच्यासारख्या बऱ्याच जणांनी करून घेतल्या. लोहगडवाडीच्या आबांनाही एक प्रत पाठवली. त्यांचा निरोप आला, "बाईला सांगा, बगितलं."

ह्यांच्या नजरेचं ते भोक पुढचं वर्षभर उघडं राहिलं. रोज सकाळी दुकान उघडलं की भिंग घेऊन हे आधी त्या खळ्यावर जायचे, त्या बाईला बघायचे, मग दिवस सुरू. नंतर भोकही मिटलं. तरी सकाळचा नेम सुटलेला नाही. मी फळ्या उघडते, उजेड भिंतीवर पडतो, आणि हे खुर्चीत बसल्या बसल्या विचारतात, "आहे ना गं उभी?"

"आहे," मी सांगते. "तसूभरही हललेली नाही."